यीस्टच्या पेशीतला गल्ला

गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचे पीठ फुगवायला माडाची ताडी घालीत. आता घरी पाव करायचा म्हटला की बाजारातून यीस्टची पुडी येते. ताडी असो की पुडी, त्यात राबणारा गडी मुख्यतः एकच. तो म्हणजे यीस्ट, बुरशीच्या कुळातला एका पेशीचा जीव. कोमट पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, त्यात थोडे यीस्ट सोडा आणि दहा-पंधरा मिनिटे भांडे झाकून ठेवा. झाकण काढाल तर वर फेस आलेला दिसेल. साखर आत गेली. कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल बाहेर आले. ही दोन टोके आपल्याला दिसली. पण मधे, पेशीच्या पोटात, काय घडले? तिथे कोणते द्रव्य किती आहे हे मोजायचे तरी कसे? आज त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

ग्लुकोजचा रेणू काही एका फटक्यात फुटत नाही. त्याचे अल्कोहोल होईपर्यंत बारा पायऱ्या उतराव्या लागतात. प्रत्येक पायरीवर एकेक एंझाइम बसलेले असते. वरच्याने दिलेला माल घ्यायचा, त्यात एवढासा बदल करायचा आणि खालच्याच्या हाती द्यायचा, एवढेच त्याचे काम. पायऱ्यांवरून असा उतरत जाणारा हा अर्धवट माल म्हणजे चयापचय-द्रव्ये. त्यांच्या जोडीला ए.टी.पी. नावाचे द्रव्य असते. त्याला पेशीचे चलनी नाणे म्हणायला हरकत नाही. वाढायचे, दुरुस्ती करायची, काही आत ओढून घ्यायचे, सगळ्याची किंमत पेशी बहुधा याच नाण्यात मोजते.

आता कोणी विचारील, हे सगळे मोजून करायचे काय? गिरणीत एका खात्यापुढे मालाचा ढीग साचला आणि पुढचे खाते रिकामे बसले, तर अडले कुठे ते कोणालाही सांगता येते. पेशीचेही तसेच आहे. आज यीस्टकडून फक्त पाव आणि दारू करून घेत नाहीत. मधुमेह्यांचे इन्सुलिन आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीची लसही यीस्टकडून करून घेतात. तेव्हा पेशीच्या आत माल कुठे अडतो हे कळणे ही नुसती हौस राहिलेली नाही.

मोजण्यातली अडचण समजण्यासाठी आपण वाण्याच्या दुकानात जाऊ या. सकाळी गल्ल्यात शंभर रुपये होते आणि रात्रीही शंभरच आहेत. म्हणून दिवसभर धंदा झाला नाही, असे म्हणता येईल का? हजारो रुपये आले आणि गेले असतील. गल्ल्यातली शिल्लक वेगळी आणि उलाढाल वेगळी. यीस्टच्या पेशीत तर हा प्रकार पराकोटीला गेलेला आहे. पेशीचा व्यास साधारण पाच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या जागेत दोनशे पेशी ओळीने बसतील. एका मिलिलिटरमध्ये ठासून भरल्या तर सुमारे दोन हजार कोटी पेशी मावतील. एवढ्याशा पेशीत ए.टी.पी.चे प्रमाण लिटरला सुमारे तीन मिलिमोल धरले, तर एका पेशीत त्याचे नऊ कोटी रेणू होतात. आकडा मोठा वाटतो खरा. पण पेशी जोराने साखर आंबवीत असते तेव्हा ही सारी शिल्लक एखाद्या सेकंदात खर्ची पडते आणि पुन्हा भरली जाते. नमुना घेतला, नळीत भरला, टेबलापर्यंत नेला, एवढ्यात गल्ला कितीतरी वेळा उलटापालटा झालेला असतो. ज्या क्षणाची शिल्लक हवी त्याच क्षणी दुकान बंद व्हायला पाहिजे. गिऱ्हाईक दारात, नोट हातात, तराजू अधांतरी, सगळे जिथल्या तिथे थांबले पाहिजे.

हे लक्षात यायला बराच काळ लागला. त्यामागे जुनी हकीकत आहे. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळून काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरीही साखर घालताच तो आंबू लागला. आंबण्यासाठी जिवंत पेशीच हवी, हा समज त्या दिवशी मोडला. बुखनर यांना १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी याच रसावर प्रयोग केले. आंबण्याचा वेग मंदावला की त्यात फॉस्फेट घालायचे. लगेच वेग वाढायचा आणि फॉस्फेट संपले की पुन्हा उतरायचा. हे फॉस्फेट जाते कुठे, याचा शोध घेता घेता त्यांना एक नवे द्रव्य सापडले. साखरेच्या एका रेणूला दोन फॉस्फेट चिकटलेले असे ते होते. आज त्याला फ्रुक्टोज-बिस्फॉस्फेट म्हणतात; आपण त्याला दुहेरी फॉस्फेटाची साखर म्हणू.

आता गंमत बघा. रसात या दुहेरी साखरेचा ढीग साचत होता. साखरेचे दोन रेणू घातले, तर एकाचे अल्कोहोल व्हायचे आणि दुसरा या ढिगात जाऊन पडायचा. जिवंत यीस्टमध्ये असे होत नाही. मग रसातच का? याचे उत्तर १९४५ साली ओटो मायरहोफ यांनी दिले. साखर फोडताना पहिल्या काही पायऱ्यांवर ए.टी.पी.ची दोन नाणी आधी खर्च करावी लागतात आणि खालच्या पायऱ्यांवर चार नाणी मिळतात. जिवंत पेशीत वरकड नाणी खर्च करणारे पुष्कळ असतात. रसात मात्र ते गिऱ्हाईकच फारसे उरलेले नसते. मग ती नाणी नव्या साखरेला फॉस्फेट चिकटवण्यातच जातात आणि दुहेरी साखर साचते. मायरहोफ यांनी रसात ए.टी.पी. मोडणारे एंझाइम घातले, आणि रस जिवंत यीस्टसारखा वागू लागला. शोध खरा, द्रव्यही खरे. पण पेशी घोटून काढलेला रस आणि पेशीचे जिवंत पोट, दोन्हींचा हिशेब एक नाही. पेशीतली शिल्लक हवी असेल तर ती जिवंत पेशी जागच्या जागी गोठवूनच पाहिली पाहिजे.

गोठवायची कशी? साध्या बर्फाने भागत नाही. बर्फाच्या पाण्यात एंझाइमे मंदावतात, पण थांबत नाहीत. शिवाय पाणी शून्य अंशाखाली घट्ट होते, मग त्यात नमुना मिसळणार कसा? म्हणून मेथॅनॉल वापरतात. ते पाण्यात मिसळूनही उणे चाळीस अंशांवर पातळ राहते. १९९२ साली हॉलंडमधल्या द कोनिंग आणि व्हान डाम या शास्त्रज्ञांनी ही रीत प्रसिद्ध केली. साठ टक्के मेथॅनॉल उणे चाळीस अंशांपर्यंत थंड करायचे आणि त्यात यीस्टचा पातळ नमुना थेट फवारायचा. सेकंदाच्या आत पेशी गारठून थबकतात. मग नळ्या थंडीतच यंत्रात गरगर फिरवायच्या. पेशी तळाला बसतात आणि वरचे पाणी काढून टाकता येते. ते काढावेच लागते, कारण बाहेरच्या पाण्यात साखर आणि इतर क्षार इतके असतात की त्यांच्या गोंगाटात आतला हलका आवाज ऐकूच येत नाही.

दुकान बंद झाले, आता गल्ला उघडायचा. म्हणजे पेशीची भिंत ओलांडून आतला माल बाहेर काढायचा. पण ऊब मिळताच एंझाइमे जागी होतील आणि मोजायच्या आधीच माल बदलून टाकतील, ही भीती असतेच. यासाठी एक सोपा उपाय रूढ झाला तो उकळत्या एथॅनॉलचा. तीन भाग एथॅनॉल आणि एक भाग पाणी उकळते ठेवायचे आणि गोठलेल्या पेशी त्यात टाकून साधारण तीन मिनिटे ठेवायच्या. उकडलेल्या अंड्यातले पांढरे जसे पुन्हा पातळ होत नाही, तशी बहुतेक एंझाइमे कायमची निकामी होतात. लहान रेणू मात्र बाहेर पडून द्रावणात येतात. यीस्टसाठी ही रीत १९९७ च्या सुमारास फ्रान्समधल्या संशोधकांनी नीट बसवून दिली.

मग येते प्रत्यक्ष मोजदाद. पूर्वी ती प्रकाशाने करीत. पेशीत एन.ए.डी.एच. नावाचे एक सहायक द्रव्य असते. ते ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश शोषते. त्यातला हायड्रोजन काढून घेतला की ते शोषणे बंद होते. जर्मनीत ऑटो वारबुर्ग यांनी १९३० नंतरच्या दशकात या गुणाचा मोजमापासाठी उपयोग करून दाखवला. जे द्रव्य मोजायचे त्याच्यावर काम करणारे एंझाइम घालायचे आणि प्रकाश किती वाढला किंवा घटला ते पाहायचे. रीत भरवशाची खरी, पण एका वेळी एकच द्रव्य मोजता येई. आता मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करते आणि एकाच नमुन्यातली अनेक द्रव्ये ओळखते.

यंत्र कितीही चांगले असले तरी एक प्रश्न उरतोच. गोठवणे, फिरवणे, उकळणे, सुकवणे, या सगळ्या धडपडीत थोडा माल वाया जातो. किती गेला हे कळायचे कसे? यावर काढलेली युक्ती मोठी सुंदर आहे. गल्ला मोजायला काढण्यापूर्वीच त्यात खूण केलेली शंभर नाणी टाकून ठेवा. मोजताना काही नाणी सांडली तर खुणेची आणि बिनखुणेची सारख्याच प्रमाणात सांडतील. शेवटी खुणेची ऐंशीच हाती लागली, तर इतर नाण्यांचाही पाचवा हिस्सा सांडला असे समजा. खुणेचे हे नाणे म्हणजे कार्बन-१३. निसर्गात शंभर कार्बन-अणूंमागे साधारण एकच अणू या जड जातीचा असतो. ज्या ग्लुकोजमधला सगळा कार्बन जड आहे तो यीस्टला खाऊ घातला, तर त्याच्या पेशीतले जवळजवळ प्रत्येक द्रव्य जड होते. ए.टी.पी.मध्ये कार्बनचे दहा अणू असतात, म्हणून हा ए.टी.पी. नेहमीच्यापेक्षा दहा एककांनी जड. गुणधर्म मात्र तेच. अशा जड यीस्टचा अर्क ठरावीक मापाने प्रत्येक नमुन्यात घालतात. यंत्र जड आणि हलके वेगवेगळे दाखवते, आणि दोघांच्या प्रमाणावरून हिशेब बसतो. हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या आसपास ही रीत यीस्टसाठी चालू केली.

एवढे झाल्यावर सगळे ठीक झाले असे वाटेल. पण खुणेची नाणी गल्ल्यात पडली ती दुकान बंद झाल्यानंतर. बंद करतानाच्या घाईत उंबऱ्याबाहेर काही नाणी घरंगळली असतील, तर त्यांचा पत्ता त्या नाण्यांनी लागायचा नाही. नेमके हेच घडत होते. थंड मेथॅनॉल पेशीला गारठवते, पण तिच्या आवरणालाही इजा करते, आणि आतली द्रव्ये झिरपून बाहेर येतात. जे पाणी आपण निरुपयोगी म्हणून ओतून देत होतो, त्याच्याबरोबर पेशीचा मालही ओतला जात होता. कित्येक वर्षे यावर एकमत नव्हते. कोणी म्हणे गळती नाही, कोणी म्हणे आहे. २००५ साली व्हिलास-बोआस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आहे असे दाखवले. म्हणजे तोवर छापल्या गेलेल्या कित्येक आकड्यांकडे पुन्हा संशयाने पाहणे आले.

या वादाचा निकाल लागला तो चोख जमाखर्चाने. डेल्फ्टमधल्याच कानेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली पेशीत काय उरले तेवढेच मोजले नाही. ओतून दिलेले मेथॅनॉल, धुतल्याचे पाणी, पेशींबाहेरचे मूळ पाणी आणि सगळा नमुना एकत्र, असे चारी हिशेब त्यांनी मांडले. आतले अधिक बाहेरचे मिळून एकूण भरले पाहिजे. जिथे भरत नाही तिथे चूक. उंबरा झाडून पाहिला की किती नाणी घरंगळली ते कळणारच! त्यांना आढळले की मेथॅनॉल जितके पातळ आणि जितके कमी थंड, तितकी गळती जास्त. शुद्ध मेथॅनॉलचे पाच भाग उणे चाळीस अंशांवर किंवा त्याखाली ठेवून त्यात नमुन्याचा एक भाग घातला, म्हणजे मिश्रणात सुमारे ८३ टक्के मेथॅनॉल राहिले, की गळती जवळजवळ थांबते. उपाय किती साधा! पण तो सापडण्यासाठी टाकाऊ पाणी मोजावे असे कोणाला तरी वाटायला हवे होते.

शिवाय गल्ला केव्हा मोजला यालाही महत्त्व आहे. १९६४ साली अमेरिकेत ब्रिटन चान्स, एस्टाब्रुक आणि घोष यांनी यीस्टच्या पेशी न मारता, त्यांतल्या एन.ए.डी.एच.च्या मंद चमकण्यावर नजर ठेवली. साखर देऊन हवा तोडल्यावर ती चमक लाटेसारखी चढू-उतरू लागली. पेशीतली शिल्लक स्वतःहून भरती-ओहोटी खात होती. आता तुम्ही भरतीच्या वेळी एकदा नमुना घेतलात आणि मी ओहोटीच्या वेळी, तर दोघांचे आकडे जुळायचे नाहीत, आणि तरी चूक दोघांचीही नसेल. म्हणून साखर दिल्याबरोबर दर काही सेकंदांनी नमुने घेऊन सारी हकीकत क्रमाने मांडावी लागते.

या मोजमापाने काय हाती आले, त्याचे एक उदाहरण सांगतो. यीस्टमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर बनते. ती बनवणाऱ्या पहिल्या एंझाइमचे जनुक काढून टाकले, तर ते यीस्ट गॅलॅक्टोज साखरेवर सुखाने वाढते, पण ग्लुकोज दिला की वाढ खुंटते. ग्लुकोज म्हणजे यीस्टचे आवडते अन्न. भरल्या ताटावर बसून उपासमार व्हावी, असा हा प्रकार. गल्ला उघडून पाहिला तेव्हा आत ए.टी.पी. जवळजवळ संपलेला, मोकळे फॉस्फेट आटलेले, आणि ढीग कशाचा? हार्डन आणि यंग यांना सापडलेल्या त्याच दुहेरी फॉस्फेटाच्या साखरेचा. वरच्या पायऱ्यांनी हावरटासारखी नाणी उधळून साखर आत ओढली होती आणि खालच्या पायऱ्या मागे पडल्या होत्या. नफा हाती येण्याआधीच भांडवल मालात अडकून पडले. निरोगी यीस्टमध्ये ट्रेहॅलोज बनताना मधे तयार होणारे एक द्रव्य अगदी पहिल्या पायरीला लगाम घालते, हे १९९३ साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवले. शिवाय ट्रेहॅलोज बनताना अडकलेले फॉस्फेटही मोकळे होते. वरवर बिनमहत्त्वाची वाटणारी साखर. पण त्या वाटेने पेशीचा तोल सांभाळला जातो.

येथेही गोष्ट संपली नाही. आतापर्यंत सांगितलेली मोजदाद कोट्यवधी पेशींची एकत्र आहे. हजार दुकानांचे गल्ले एका पोत्यात ओतून सरासरी काढावी तशी. प्रत्येक दुकानात पन्नास रुपये असले काय आणि निम्म्या दुकानांत शंभर व निम्म्यांत शून्य असले काय, सरासरी पन्नासच. २०१४ साली ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी पेशीच्या आतली आम्लता दाखवणारे चमकते प्रथिन वापरून एकेक पेशी वेगळी पाहिली. ग्लुकोज मिळताच निरोगी यीस्टमध्येसुद्धा थोड्या पेशी अडकतात आणि वाढ थांबवतात, तर जनुक काढलेल्या यीस्टमध्येही थोड्या पेशी तरून जातात, असे त्यांना दिसले. दोन्हींकडे दोन्ही प्रकारच्या पेशी. फरक फक्त प्रमाणाचा. सरासरीच्या आकड्यात हे कधी दिसले नसते.

तेव्हा यापुढे कोणी सांगितले, की यीस्टच्या पेशीत अमुक द्रव्य इतके इतके आहे, तर ते खुशाल ऐकावे. पण चार प्रश्नही विचारावेत. पेशी किती वेळात थांबवली? थांबवताना बाहेर काय गळले, आणि ते मोजले का? मोजताना जे वाया गेले त्याची भरपाई कशी केली? आणि हा आकडा एका पेशीचा, की सगळ्यांची सरासरी? वाण्याला रात्री गल्ला जुळवताना असेच प्रश्न पडतात. जमा आणि खर्च जुळेपर्यंत तो दिवा मालवीत नाही. पुढच्या वेळी पावाचे पीठ भिजवून ठेवाल आणि भांड्यात फेस चढू लागेल, तेव्हा त्यातल्या प्रत्येक कणात असा एक गल्ला सेकंदासेकंदाला रिकामा होतो आहे आणि भरतो आहे, एवढे आठवावे.